मदत हवी आहे: लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास, पाइपलाइनमध्ये दोन फेल

रात्रपाळी: मंडळी, लवकर सांगा, चारला रिलीज आहे. लॅपटॉपवर सगळं हिरवं, कोड पुश केला की पाइपलाइनमध्ये, म्हणजे सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या तपासणीत, दोन युनिट टेस्ट लाल. कमिट तोच. सकाळपासून पाचदा रीरन केलं. काय करू?

मधलीसुट्टी: टेस्ट जेस्टमध्ये लिहिल्यात की दुसऱ्या कशात? पाइपलाइन कुठली? एरर टाका.

रात्रपाळी: जेस्ट. गिटहब अ‍ॅक्शन्स, रनर (टेस्ट चालवणारं मशीन) उबुंटू लिनक्सचा. नोडची आवृत्ती दोन्हीकडे 20.

घाटमाथा: फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल बघा. विंडोज खपवून घेतं, लिनक्स नाही. आमचे दोन दिवस त्यात गेले.

मधलीसुट्टी: मग मॉड्यूल सापडत नाही म्हणून अख्खी फाइल पडली असती. एरर टाका हो.

कोरीपाटी: जेस्ट सोडा, व्हीटेस्ट घ्या. आमच्या टेस्ट आता कितीतरी लवकर संपतात.

घाटमाथा: चारला रिलीज आहे त्यांचं. आज कुठे फ्रेमवर्क बदलायला लावता?

रात्रपाळी: पतसंस्थेचं अ‍ॅप आहे. हप्त्याच्या तारखेची स्नॅपशॉट टेस्ट, म्हणजे आधी साठवलेल्या उत्तराशी ताडून बघणारी. स्नॅपशॉटमध्ये 2025-03-30, पाइपलाइनमध्ये येतं 2025-03-31.

ओसरी: टाइमझोन! रनर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, तुमचा लॅपटॉप साडेपाच तास पुढे. वर्कफ्लो फाइलमध्ये टीझेड (टाइमझोन) व्हेरिएबल एशिया/कोलकाता करा, हिरवं होईल.

मधलीसुट्टी: थांबा, तसं करू नका. हप्ता खरा किती तारखेचा?

रात्रपाळी: 31 मार्च.

मधलीसुट्टी: म्हणजे पाइपलाइन बरोबर, स्नॅपशॉट चूक. वर्ष-महिना-दिवस देऊन तारीख बनवताय आणि टूआयएसओस्ट्रिंगची (ते तारीख यूटीसीत देतं) पहिली दहा अक्षरं घेताय ना? आपल्याकडे 31 तारीख लागते तेव्हा यूटीसीत 30 चे 18:30 असतात. सभासदाच्या ब्राउझरमध्येही 30 च दिसत असणार. टीझेड बदलून फक्त टेस्ट गप्प होईल.

ओसरी: पण टीझेड ठरवून दिलेला असायलाच हवा, नाहीतर प्रत्येक मशीनवर वेगळं उत्तर.

मधलीसुट्टी: मान्य, पण आधी कोड सुधारा. मग यूटीसी आणि कोलकाता, दोन्हीवर चालवा.

रात्रपाळी: मधलीसुट्टी, तुम्ही म्हणता अगदी तसंच लिहिलंय. स्नॅपशॉट मीच लॅपटॉपवर घेतला, तारीख न वाचता. आता स्थानिक वेळेतलं वर्ष-महिना-दिवस देणारे गेटफुलइयर, गेटमंथ, गेटडेट वापरून जोडतोय.

घाटमाथा: गेटमंथ शून्यापासून मोजतो, एक मिळवा.

रात्रपाळी: मिळवला. दोन्ही झोनमध्ये हिरवं. रिलीज पुढे ढकललंय, कारण डेटाबेसमधल्या जुन्या तारखाही याच फंक्शनमधून गेल्यात. त्या कशा दुरुस्त करायच्या, कुणी केलंय का?