मदत हवी आहे: २५ हजारांच्या पीसीत प्रोसेसर कुठला घ्यावा?

मंडळी, डोकं पार चक्रावलंय. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात कामाला आहे, संध्याकाळी घरी ऑटोकॅडवर (नकाशे-आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) टू-डी ड्रॉइंग करून देतो. जुना पीसी हॅच मारायला (भाग रेघांनी भरायला) घेतला की गपगार. चहा पिऊन आलो तरी गोल फिरतंयच. मॉनिटर, कीबोर्ड आहेत. बाकी सगळं २५ हजारांत बसवायचंय.

राजारामपुरीत एका दुकानात विचारलं, तर त्यानं इंटेलचा सेकंडहँड प्रोसेसर आय-सेव्हन ४७७० पुढं केला. "आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हन, भावा!" आता तो २०१३ चा माल, रॅम जुन्या पिढीची डीडीआर-३, विंडोज ११ ला अधिकृत सपोर्ट नाही. कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) ४, थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) ८. तेवढेच इंटेलच्याच आय-थ्री १२१०० मध्येही आहेत, आणि तो कितीतरी नवा. नुसत्या नावाला भुलायचं नाही, एवढं कळलंय.

आता अडलंय ते इथं: आय-थ्री १२१०० की एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी? रायझनला ६ कोअर, १२ थ्रेड आणि आतलं ग्राफिक्सही दणकट. पण ऑटोकॅड बहुतेक काम एकाच कोअरवर करतं म्हणे, मग जादाचे कोअर नुसते बसूनच राहणार ना? उलट धाकट्याला गेम खेळायचेत, त्याचं मत रायझनला. (पैसे माझे, मत त्याचं!)

ग्राफिक्स कार्ड आत्ता परवडत नाही, त्यामुळं नावाच्या शेवटी एफ असलेला इंटेल बाद. त्यात आतलं ग्राफिक्स नसतं, कार्डाशिवाय डिस्प्लेच येत नाही.

कुणी यातल्या एकावर रोज कॅड चालवतंय का? मोठी फाइल उघडून झूम-पॅन करताना अडकतं का, तेवढं सांगा. आणि ८ जीबीच्या दोन रॅम घेऊ की १६ ची एकच?