विश्वासणाऱ्याचं तारण जाऊ शकतं का? मोठ्या भावाबद्दल विचारतेय

वडगावशेरीकर

सलाम सगळ्यांना. प्रश्न तारणाचा, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला मिळणाऱ्या पापापासूनच्या सुटकेचा आहे. माझा मोठा भाऊ आमच्या घरात चर्चच्या कामात सगळ्यात पुढे असायचा, संडेस्कूल घ्यायचा, तरुण संघात होता, उपासनेत पेटी वाजवायचा. हिंजवडीला जॉबला लागला आणि हळूहळू येणं कमी होत होत बंदच झालं, आता सरळ म्हणतो माझा देवावर विश्वास नाही. भांडत नाही, पण घरात प्रार्थनेला बसलो की उठून गॅलरीत जाऊन उभा राहतो. मागच्या आठवड्यात आमच्याकडे कॉटेज मीटिंग (घरातली प्रार्थनासभा) होती, तिथे बाहेरगावहून आलेल्या एका प्रचारकांनी आईसमोरच सांगितलं की बायबलमधल्या इब्री पत्राच्या ६ व्या अध्यायाप्रमाणे याचं तारण गेलं, आता परत मिळणं अशक्य. आई तेव्हापासून धड जेवत नाहीये. आमचे पाळक (पास्टर) म्हणतात एकदा तारण म्हणजे कायमचं तारण. दोघंही बायबल उघडूनच बोलतात! मी योहान १०:२८ वाचते तेव्हा धीर येतो की ख्रिस्ताच्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, आणि इब्री ६ वाचलं की पोटात गोळा येतो. कृपया वचनासकट सांगा, नुसतं प्रार्थना करा असं नको.

बिबवेवाडी_विद्यार्थी

ताई, हा वाद चारशे वर्षांपासून चालू आहे, त्यामुळे पाळक आणि प्रचारक यांच्यात एकमत नाही याने घाबरू नका. हॉलंडमध्ये आर्मिनियस या प्रोटेस्टंट धर्मपंडिताच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच मुद्दे मांडले, आणि गंमत नाही, खरंच सांगतो, तारण गमावता येतं का यावर त्यांनीसुद्धा तेव्हा ठाम उत्तर दिलं नव्हतं, शास्त्रातून अजून तपासायला हवं एवढंच म्हणाले. नंतर १६१८-१९ मध्ये डॉर्ट इथे भरलेल्या तिथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या सभेने ठरवलं की देव आपल्या लोकांना शेवटपर्यंत राखतो. मी त्याच बाजूचा. रोमकरांस ८ च्या शेवटी पौल म्हणतो कुठलीच गोष्ट आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही, फिलिप्पै १:६ मध्ये म्हणतो ज्याने काम सुरू केलं तोच ते पुरं करेल. पण डॉर्टवाल्यांनी हेही स्पष्ट लिहिलंय की खरे विश्वासणारे भयंकर पडू शकतात, आणि उदाहरणं दिलीत पापात पडलेला दावीद राजा आणि येशूला नाकारणारा शिष्य पेत्र यांची.

मग भाऊ खरा विश्वासणारा होता का? १ योहान २:१९ प्रमाणे काही जण निघून जातात कारण ते मुळात आपल्यातले नव्हतेच. पेटी वाजवणं, संडेस्कूल घेणं यावरून ते कळत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, आणि पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, तो काही वर्षांनी भेटला. केडगावची मुक्ती मिशन उभी करणाऱ्या बाईंचं हे. तेव्हा आज बाहेर असलेल्याबद्दल शेवटचा निकाल कोणी देऊ नये.

रास्तापेठ_मेथडिस्ट

विद्यार्थी दादा, रमाबाईंचं पटलं, पण "तो मुळात नव्हताच" हे आईला सांगून बघा, तिला काय वाटेल. लहानपणापासून गुडघे टेकून प्रार्थना करणारा पोरगा खोटा होता असं? इब्री ६:४-५ वाचा ना, प्रकाश मिळालेले, स्वर्गीय दान चाखलेले, पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले, हे वर्णन बाहेरच्या माणसाचं नाही. योहान १५ मध्ये तर फांदी वेलातच होती आणि तरी तोडली गेली. म्हणून आम्ही मानतो की कोणी हिसकावून नेणार नाही हे खरं, पण माणूस स्वतः हात सोडून जाऊ शकतो.

पण त्या प्रचारकांनी जे केलं त्याचा मला मनापासून राग आलाय. मागे पडलेल्यांना परत वळवणं अशक्य असं म्हणणाऱ्या ६ व्या ओवीवरच ते थांबले. नवव्या ओवीपर्यंत वाचा, लेखक लगेच म्हणतो प्रियजनहो, आम्ही असं बोलतोय तरी तुमच्याबद्दल आमची याहून चांगली खात्री आहे. आणि १०:३२ पासून बघा कोणाला लिहिलंय ते, ज्यांनी छळ सोसला, ज्यांची मालमत्ता लुटली गेली आणि जे आता थकून मागे वळायला लागलेत अशांना. त्यांनी जाऊ नये म्हणून दिलेला हा इशारा आहे, गेलेल्याच्या आईच्या तोंडावर मारायला नाही. आमच्या मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली तर पक्का मानायचा की कृपेतून पडता येतं, तरी त्यानेच प्रवचनात लिहिलंय की पूर्ण मागे गेलेले हजारो जण परत आल्याची त्याला खात्री आहे.

कॅम्पातली_कॅथलिक

आमच्याकडे ट्रेंटच्या सभेने (कॅथलिक चर्चची धर्मसभा) १५४७ मध्येच सांगितलं की जाणूनबुजून गंभीर पाप केलं तर कृपेची अवस्था जाते, आणि मी शेवटपर्यंत टिकणारच अशी छातीठोक खात्री कोणीच देऊ नये. पण म्हणूनच कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देऊन क्षमा मिळवणं, आहे. कितीही वर्षांनी आला तरी फादर आधी किती वर्षं आला नाहीस याचा हिशोब मांडत बसत नाहीत. जिवंत माणसाला दार बंद असं आमचं चर्च कधीच म्हणत नाही.

बिबवेवाडी_विद्यार्थी

रास्तापेठ, आईसमोर मी पण तसं म्हणणार नाही, मुद्दा मान्य. ताई, एक गोष्ट बघा, आमच्यात एवढा वाद आहे पण भावाला काय सांगायचं यात फरक नाही. मी म्हणेन ख्रिस्ताकडे ये, ते म्हणतील ख्रिस्ताकडे परत ये. लूक २२:३२ आईला वाचून दाखवा. पेत्र नाकारायच्या आधीच येशू त्याला म्हणतो मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे भावांना स्थिर कर. पडायच्या आधीच परत आल्यावरचं काम सांगून ठेवलंय.

वडगावशेरीकर

खूप आभार सगळ्यांचे. आईला लूक २२ आणि इब्रीची नववी ओवी दोन्ही वाचून दाखवली, नववी तिने परत एकदा वाचायला लावली, मग म्हणाली हे त्यांनी का नाही सांगितलं. मला अजून रास्तापेठवाल्यांचं जास्त पटतंय, पण योहान १०:२८ पण सोडवत नाही. पाळकांशी बोलून ठेवलंय की पुढची कॉटेज मीटिंग आमच्याकडे असेल तर दादाबद्दल चारचौघात कोणी काही बोलायचं नाही, तो घरात असो वा नसो. आणि एक राहिलं, डॉर्टने दावीद आणि पेत्राबद्दल काय लिहिलंय ते मराठीत कुठे वाचायला मिळेल का?