एकट्याची ज्वारी पाखरं खातात
अंगणवाडीच्या आहारात ज्वारी आली की शेतकरी आपोआप ती पेरतील, असं एका लेखात वाचलं. आहारात ज्वारी हवीच, पण 'आपोआप' पटत नाही. २०२३ च्या भरडधान्य वर्षात आम्हीही हौसेनं एकरभर पेरली. चहूकडे पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि सोयाबीन, त्यामुळे शिवारातली सगळी पाखरं आमच्याच वावरात. आई पहाटेपासून मचाणावर गोफण घेऊन, रात्री रानडुकरांसाठी मी जागा. कणसं भरली आणि पाऊस आला, दाणा काळा पडला. व्यापाऱ्यानं मूठभर हातात घेतला आणि परत पोत्यात टाकला.

पूर्वी गावभर ज्वारी असायची, पाखरांचं नुकसान वाटलं जायचं. म्हणून ज्वारी पेरायला अनुदान द्यायचं तर ते एकेकट्याला देण्यापेक्षा लागून असलेल्या पाच-पंचवीस वावरांना मिळून द्यावं, राखणीच्या मजुरीसकट.