पुराच्या गावात संगणकावरील माहिती कशी जपावी?

गावभागकर, सांगली

सर्वांना नमस्कार. मी मार्केट यार्डातील हळदीच्या आणि बेदाण्याच्या काही अडत दुकानांचे हिशेब लिहितो. सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ टॅली, शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या आणि जीएसटीची विवरणपत्रे यांत जातो. रात्रीचे जेवण झाले की त्याच संगणकावर माझे दुसरे काम सुरू होते आणि खरे सांगायचे तर दिवसभर मला ओढ त्याचीच असते. माझ्या वडिलांना गाणे ऐकण्याचा फार नाद होता. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी होणाऱ्या संगीतसभांना आणि ओळखीच्या घरांतील बैठकांना ते लहानसा टेपरेकॉर्डर घेऊन जात आणि यजमानांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करीत. अशा दोनशे बारा कॅसेट आमच्या पोटमाळ्यावर आहेत. एकेक कॅसेट जुन्या डेकवर वाजवायची, ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीत उतरवून घ्यायची, तंबोरे लावतानाचे आवाज न कापता तसेच ठेवायचे आणि प्रत्येक फाइलला गायक, राग, ठिकाण व तारीख यांची नोंद जोडायची, असा माझा क्रम आहे. साठ मिनिटांची एक कॅसेट सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये उतरवली की सुमारे ६३५ एमबी जागा घेते.

हे काम मी आता दुसऱ्यांदा करीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा गावभागातील आमच्या तळमजल्यात छातीइतके पाणी होते. २००५ च्या पुरात ते आमच्या उंबऱ्याशी थांबले होते, म्हणून आम्ही तोच हिशेब मनात धरला आणि संगणक टेबलावर ठेवून घर सोडले. दुसरी प्रत असलेली बाह्य डिस्क मी मुद्दाम शिरोळला बहिणीकडे ठेवली होती. त्याच आठवड्यात तिच्याही घरात पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर मी दोन्ही डिस्क पुसून दोन दिवस उन्हात वाळवल्या आणि संगणकाला जोडल्या. एकीतून खरखर आवाज आला आणि ती थांबली, तर दुसरी सुरूच झाली नाही. चार वर्षांचे काम गेले. कॅसेट पोटमाळ्यावर होत्या म्हणून वाचल्या, ही एकच गोष्ट त्या दिवसांत मला धीर देत होती.

आजवर १४० कॅसेट पुन्हा उतरवून झाल्या आहेत. त्यांचे सुमारे ९० जीबी, घरातील जुन्या छायाचित्रांचे स्कॅन आणि हिशेबाच्या फाइली धरून एकूण १८० जीबी माहिती आहे. शिवाय १९९९ पासून मी गावातील संगीतसभांवर लिहिलेली टिपणे जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. ही सगळी माहिती किती प्रतींत, कशावर आणि कोठे ठेवावी? क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याच्या संगणकांवर, ठेवण्यास माझी हरकत नाही, परंतु दुकानदारांचे हिशेब ही त्यांची ठेव आहे आणि ती परक्या ठिकाणी पाठवताना मला संकोच वाटतो.

---

जुना दुरुस्तीकार, विश्रामबाग

गावभागकर, आपल्या हानीबद्दल वाचून फार वाईट वाटले. त्या वर्षी माझ्या टेबलावर पुरात भिजलेल्या डिस्कची रांग लागली होती आणि त्यांतील बहुतेकांची गोष्ट आपल्यासारखीच होती, म्हणून आधी तेच सांगतो, कारण पुढे कोणावर ही वेळ आली तर त्याच्या उपयोगी पडेल.

साध्या हार्ड डिस्कची पेटी हवाबंद नसते. आतला व बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून तिला एक बारीक छिद्र असते आणि त्याच्या आत गाळणी असते. ती गाळणी धूळ अडवते, पाणी अडवत नाही. आतील तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावरून सरकते. पुराच्या पाण्यातला गाळ तबकडीवर वाळून बसला आणि अशा स्थितीत वीज दिली, तर ते टोक गाळावर आपटते आणि ज्या थरावर माहिती आहे तोच थर खरवडला जातो. म्हणून भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नये, तांदळात पुरू नये आणि चालते का हे पाहण्यासाठी एकदाही जोडू नये. ती ओलसर कापडासह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, गाळ वाळण्याच्या आत, माहिती परत मिळवण्याचे काम करणाऱ्यांच्या हाती द्यावी. खर्च पुष्कळ येतो, परंतु आशा असते ती तेवढ्याच अवधीत.

आता आपला प्रश्न. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची साधने आणि एक प्रत दूरच्या ठिकाणी, हा नियम जगभर रूढ आहे व तो योग्यच आहे. मात्र आपल्या भागात "दूर" या शब्दाचा अर्थ नीट लावला पाहिजे. शिरोळ सांगलीपासून वेगळे गाव आहे, पण पाणी तेच आहे. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णेचा फुगवटा वाढला की पंचगंगेचे पाणीही तुंबते, त्यामुळे सांगली, शिरोळ आणि कोल्हापूर एकाच आठवड्यात पाण्याखाली जाऊ शकतात, जसे २०१९ मध्ये गेले. दुसरी प्रत कोठे ठेवावी हे ठरवताना किलोमीटर मोजण्यापेक्षा ते घर कोणत्या नदीच्या काठी आणि किती उंचावर आहे ते पाहावे.

साधनांबद्दल एक सूचना करतो. अनेकजण एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपच्या डिस्कवर, प्रत काढून ती कपाटात ठेवून देतात. एसएसडीमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार वीज न मिळाल्यास हळूहळू झिरपतो. घरगुती वापराच्या एसएसडीसाठी जे प्रमाण मानले जाते, त्यानुसार लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपलेल्या एसएसडीने ३० अंश सेल्सियसला वीज नसताना एक वर्ष माहिती धरून ठेवणे अपेक्षित आहे. नवी एसएसडी त्याहून बरीच जास्त टिकते, तरीही आपल्या उन्हाळ्यात बंद कपाटात वर्षानुवर्षे ठेवण्याची ती वस्तू नाही. पेन ड्राइव्हचा तर यासाठी विचारच करू नये. दोन साध्या हार्ड डिस्क घ्याव्यात आणि तिसरी प्रत क्लाउडवर ठेवावी.

वेव्ह फाइली फ्लॅक या कमी जागा घेणाऱ्या फाइलप्रकारात बदलल्या, तर आवाजात काहीही न गमावता जागा जवळजवळ निम्मी होते. आणि प्रत काढली म्हणजे ती झाली असे समजू नका. प्रत्येक फाइलची शा-२५६ ही खूण, म्हणजे तिच्यातील माहितीवरून गणिताने निघणारी अक्षर-अंकांची ओळ, काढून तिची यादी ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा पडताळून पाहा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश या आज्ञेने ती मिळते. फाइलमधील एक बिट जरी बदलला असेल तरी खूण जुळत नाही.

---

वैखरी, मिरज

मी घरून कार्यालयाचे काम करते आणि माझाही दिवस व रात्र एकाच संगणकावर जाते, म्हणून क्लाउडपुरते लिहिते. गुगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि तीत मेल, ड्राइव्ह व छायाचित्रे सगळेच मोजले जाते, तेव्हा आपल्याला विकतची जागा घ्यावी लागेल. फायबर जोडणीवर २० एमबीपीएसचा चढता वेग मिळत असेल, तर १८० जीबी चढायला सलग वीस तास लागतात. चार-पाच रात्रींत हे काम होते, त्यामुळे त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

हिशेबांसाठी व्हेराक्रिप्ट वापरा. ही मोफत प्रणाली आपल्या संगणकावरच एक कुलूपबंद पेटी तयार करते. हिशेब त्या पेटीत घालून पेटीच वर पाठवली, की सेवा देणाऱ्यालाही आतले काही वाचता येत नाही. पासवर्ड मात्र कागदावर लिहून घरातील विश्वासाच्या माणसाजवळ द्या, कारण तो हरवला तर पेटी उघडण्याचा दुसरा मार्ग नाही. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, त्यामुळे हिशेबांची आणि गाण्यांची व्यवस्था वेगळी ठेवलेली बरी. हिशेबांना मुदत आहे, आपल्या वडिलांच्या कॅसेटना नाही.

आणखी एक. फोल्डर आपोआप क्लाउडशी जुळत राहतो म्हणजे प्रत झाली, असा समज सर्वत्र आहे. इथे फाइल पुसली की तिथलीही पुसली जाते, आणि खंडणी मागणाऱ्या विषाणूने इथल्या फाइली बिघडवल्या तर बिघडलेल्या फाइलीच वर जातात. म्हणून एक डिस्क अशी हवी, जी काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवलेली असते.

---

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, सातारा

वरील दोघांनी प्रती कशा ठेवाव्यात ते उत्तम सांगितले आहे. मला आपल्या प्रश्नातील त्या एका वाक्याची अधिक काळजी वाटते, ज्यात आपण १९९९ पासूनची टिपणे जुन्या फॉन्टमध्ये असल्याचे म्हटले आहे. डिस्क सुरक्षित राहील, फाइलही उघडेल, पण तिच्यात मराठी अक्षर दिसणार नाही, अशी स्थिती पाणी न येताही ओढवू शकते.

जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक नव्हता. रोमन अक्षराच्या जागेवर 'क'चे चित्र बसवलेले असे, त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळा मजकूर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गर्दी होऊन दिसतो. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. तीत १९९१ पासून देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला आणि विंडोज २००० पासून घरोघरच्या संगणकांवर ती सोय येऊ लागली. मी तीस वर्षे शाळेत शिकवले आणि त्या काळात टंकलेले शेकडो कागद गेल्या दोन वर्षांत युनिकोडमध्ये आणले. त्या अनुभवावरून सांगतो की रूपांतर करून देणारी साधने पुष्कळ आहेत, परंतु त्यांचे काम ओळ न् ओळ वाचल्याशिवाय स्वीकारू नये. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकली जाई, तर युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे याच्या उलट आहे. जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येई, आता तो अक्षराच्या आधी 'र' म्हणून साठवला जातो. जोडाक्षर आले की साधनाची गल्लत इथेच होते.

सर्वांत अधिक जपावा लागतो तो आपल्या मराठीचा अर्धा 'ऱ'. तो हिंदीत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेली साधने त्याचा सरळ रफार करून टाकतात. माझ्या एका लेखात सह्याद्रीच्या "दऱ्या" होत्या, त्यांच्या जागी "दर्या" आले. शब्दलेखन तपासणाऱ्या प्रणालीला यात चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीच आहेत. आपल्या टिपणांत "गाणाऱ्या", "वाजवणाऱ्या" असे शब्द पानोपानी असतील. रूपांतरानंतर "र्य" हे अक्षर शोधून प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी पाहावे.

म्हणून क्रम असा ठेवा. जुना फॉन्ट ज्या संगणकावर अजून चालतो आहे, त्यावरूनच आधी प्रत्येक टिपणाची पीडीएफ करून घ्या, तीत फॉन्ट अंतर्भूत करण्याचा पर्याय निवडा आणि मगच रूपांतराला हात लावा. पीडीएफ हा मूळ कागद समजावा. फॉन्टची फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

आपल्या दुसऱ्या डिस्कसाठी जागा हवी असेल, तर माझे घर आपले समजा. आम्ही किल्ल्याच्या उतारावर राहतो आणि इथे नदीचे पाणी येण्याची शक्यता नाही. माझी एक डिस्क आपण ठेवावी आणि आपली मी ठेवीन.

---

गावभागकर, सांगली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पहिल्यांदा कॅसेट न लावता टिपणे उघडून बसलो. नव्या लॅपटॉपवर चाळीसपैकी एकही वाचता आले नाही, आणि मी मात्र इतकी वर्षे ती सुरक्षित आहेत असे समजत होतो. फॉन्ट असलेला जुना संगणक अजून चालू आहे, त्यावरून पीडीएफ करण्यास आज सुरुवात केली. सर, आपला प्रस्ताव मी आनंदाने स्वीकारतो. आपली डिस्क मी माझ्या घरी न ठेवता विश्रामबागेत चुलत भावाच्या दुसऱ्या मजल्यावर ठेवीन, आणि पोटमाळ्यावरच्या कॅसेटही तिकडेच हलवणार आहे. दुरुस्तीकारांना एक विचारायचे आहे की पावसाळ्यात संगणक वर हलवण्यासाठी कोणत्या पातळीची वाट पाहावी?

---

जुना दुरुस्तीकार, विश्रामबाग

आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. ४० फुटांना घरात धान्य, गाद्या आणि म्हातारी माणसे हलवण्याची घाई असते, त्या वेळी कोणी प्रत काढत बसत नाही. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की त्याच संध्याकाळी त्या दिवसाचे हिशेब पेटीत घालून वर पाठवा, डिस्क काढून घ्या आणि संगणक, यूपीएस व डेक वरच्या मजल्यावर न्या. पाणी आले नाही तर दोन दिवसांनी खाली आणता येते.

---

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, सातारा

डिस्क कुरिअरने न पाठवता हातोहात आणावी. वर्षातून दोनदा अदलाबदल करू, एकदा मे महिन्यात पापड-कुरडयांच्या बेगमीबरोबर आणि एकदा दिवाळीत. येताना आपल्या वडिलांच्या ध्वनिमुद्रणांतील एखादी बैठक ऐकवण्यासाठी आणलीत, तर मला फार आनंद होईल.