ट्रॅक्टर आमचा, ट्रॉली कुणाची?

प्रेषक: निपाणीवाला, मस्कत
विषय: जुना ट्रॅक्टर-ट्रॉली, डीलर फोन उचलत नाही

नमस्कार मंडळी,

तिळगुळाच्या मेलांमध्ये हे रडगाणं घुसडतोय, माफ करा. पण या मेलिंग लिस्टवर चिकोडी-निपाणीकडचे बरेच जण आहात, म्हणून विचारतो.

दसऱ्याच्या तोंडावर धाकट्या भावासाठी जुना ट्रॅक्टर आणि दोनचाकी डंपिंग ट्रॉली घेतली. डीलर कोगनोळी नाक्याच्या पलीकडचा, कोल्हापूर जिल्ह्यातला. सेट ४ लाख ६५ हजारांना. घेतली म्हणजे मी इथं बसून व्हिडिओ कॉलवर बघितली. त्यानं इंजिन चालू केलं, ट्रॉली वर करून दाखवली, नवा निळा रंग उन्हात चकाकत होता. भाऊ म्हणत होता, "दादा, दोन दिवस थांब, मिस्त्रीला घेऊन जाऊन बघून येतो." मी म्हटलं, खंडेनवमीला दारात पूजा झाली पाहिजे. पैसे माझे, म्हणून तो गप्प बसला.

आता भरलेली ट्रॉली वर केली की आपोआप खाली बसते. डावं चाक गावापासून शेतापर्यंत जाईस्तोवर इतकं तापतं की हात लावता येत नाही. हे एक वेळ दुरुस्त होईल. कागदाचं काय करू? हातात फक्त ट्रॅक्टरच्या आरसीची झेरॉक्स आहे, एमएच-०९ पासिंग, त्यावर फायनान्स कंपनीचा बोजा. ट्रॉलीचा एकही कागद नाही. विचारलं तर डीलर म्हणाला, "ट्रॉलीचे कागद कोण बघतंय हो?" एनओसी 'पुढच्या आठवड्यात' म्हणत तीन महिने काढले. पावतीवर खाली बारीक अक्षरात 'माल जसा आहे तसा' छापलंय आणि त्याखाली भावाची सही.

---

प्रेषक: खानापूरची माहेरवाशीण, टोरांटो

भाऊजी, तुमची पोस्ट वाचून आमच्याकडे भांडणच लागलं. आमच्या ह्यांनी परवाच गावाकडच्या पॉवर टिलरचे फोटो मागवलेत. तुमचा मेल त्यांच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला आहे.

एकच विचारते. सगळे पैसे बँकेतून गेले का? आमच्या माहेरी एकदा अर्धे रोख दिले आणि पावती अर्ध्याचीच मिळाली.

---

प्रेषक: उद्यमबागचा म्हातारा, बेळगाव

लिस्टवर नाव मुलाचं आहे, वाचतो मी. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, हायड्रॉलिकच्या कामात पस्तीस वर्षं गेली, म्हणून ट्रॉलीबद्दल सांगतो. कागदाचं दुसरं कोणी सांगेल.

भावाला म्हणावं, रिकामी ट्रॉली पूर्ण वर करायची, चासी आणि वर उचललेल्या हौद्याच्या मध्ये जाड ओंडका उभा करायचा आणि मगच खाली वाकायचं. ओंडक्याशिवाय हात घालायचा नाही. जॅकवरच्या ट्रॉलीखाली गेलेली माणसं मी बघितली आहेत, जास्त सांगत नाही.

मग ट्रॉली उचलणारा तेलाचा जॅक फडक्यानं कोरडा पुसायचा, ट्रॉली ओंडक्याच्या वर चार बोटं उचलायची, इंजिन बंद करून अर्धा तास सोडायची. रॉडभोवती तेलाचं वळं दिसलं तर सील गेलेत. बाहेर सगळं कोरडं आणि तरी ट्रॉली ओंडक्यावर येऊन टेकली, तर तेल परत ट्रॅक्टरकडे जातंय, म्हणजे दुखणं व्हॉल्व्हमध्ये. असल्या एकमार्गी, म्हणजे फक्त वर ढकलणाऱ्या जॅकमध्ये तेलाला तिसरी वाट नसते. सील किट स्वस्त असतं. पण आधी रॉडवर नख फिरवून बघा. क्रोमला खड्डे लागले तर नवे सील चार महिन्यांत फाटणार, रॉड आधी क्रोमिंगला टाकावा लागेल. तेल ताकासारखं पांढरट असेल तर आत पाणी आहे, मग आधी तेल बदला.

चाक तापतंय ते बहुतेक हबच्या बेअरिंगचं. नट जास्त आवळलाय किंवा ग्रीसच नाही. रंग मारणारे हब उघडत नाहीत, वरून रंग मारून सोडतात.

आणि एक. मीटरवर किती तास आहेत बघा, मग मागच्या पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या दांड्याच्या, दातांवर बोट फिरवा. कमी चाललेल्या ट्रॅक्टरचे दात चौकोनी लागतात, रगडलेल्याचे धारेला आलेले असतात. मीटर बदलता येतो, दात कोण बदलत बसत नाही.

---

प्रेषक: चिकोडी कोर्टातला, सध्या लेकीकडे, मेलबर्न

काकांनी जॅकचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो.

मुळात तुम्ही सेट घेतलेला नाही, दोन वाहनं घेतली आहेत. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, चासी नंबर वेगळा, विमाही वेगळा बघावा लागतो. विनाकागद ट्रॉलीनं रस्त्यावर कुणाला उडवलं तर भरपाई घरावर येते. तोवर ती रस्त्यावर काढू नका, शेतात काय ते करा.

परराज्यात विक्री झाली की जुन्या मालकानं ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आपल्या आरटीओकडे जायचं असतं. म्हणजे कोल्हापूरहून फॉर्म २८ ची एनओसी, बोजा उतरवायला फॉर्म ३५, हस्तांतराला २९ आणि ३०. मग चिकोडीत केए-२३ नंबर. फॉर्म २८ वर चासी नंबरचा पेन्सिलनं घासलेला ठसा लागतो. तो ठसा आजच घ्या, ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचाही.

डीलरच्या मागे नंतर लागा, आधी आरसीवरचा मालक हुडका. त्यालाही गरज आहे. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याची, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. हे शांतपणे समजावलं की माणूस सही करायला स्वतः येतो. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. त्याच्याकडे ते आहे का, नोटिशीत पहिला प्रश्न हाच घाला.

'जसा आहे तसा' या ओळीला फार घाबरू नका. झिजलेल्या टायरला ती चालेल, कागद न देण्याला नाही. ग्राहक आयोगात तक्रार करणारा राहतो तिथं, म्हणजे भावाला बेळगाव जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. फक्त भाऊ ट्रॉली भाड्यानं फिरवत असेल तर समोरचा 'व्यापारी वापर' म्हणून ओरडणार. स्वतःच्या पोटापाण्यासाठी आहे, हे दाखवावं लागेल. पैसे तुमचे आणि वापर भावाचा, याची अडचण नाही. तुमच्या संमतीनं वापरणारा म्हणून तोही ग्राहकच.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र द्या.

---

प्रेषक: निपाणीवाला, मस्कत
विषय: पुन्हा तेच, पण थोडं वेगळं

वकीलसाहेब, काका, वहिनी, सगळ्यांना नमस्कार.

आधी वहिनी: ३ लाख ९० हजार बँकेतून, ७५ हजार रोख. पावती बँकेच्या रकमेचीच. तुमच्या ह्यांना टिलरचं सांगाच.

काका, रॉड बाहेरून कोरडा. दुखणं व्हॉल्व्हमध्येच निघालं, मिस्त्रीनं उघडून साफ केला, आता ट्रॉली वर राहते. हबमध्ये ग्रीस नावालाही नव्हतं. पीटीओचे दात मात्र विळ्यासारखे आहेत. मीटरवर २,१०० तास दिसतात, भाऊ म्हणतो तेवढे तास तर माझे पुस्तकं वाचण्यात गेले असतील.

जुना मालक सापडला, करवीर तालुक्यातला म्हातारा शेतकरी. कर्ज दोन वर्षांपूर्वीच फेडलंय, फक्त बोजा उतरवायचा राहिला होता. २०१८ च्या निकालाचं सांगितल्यावर म्हणाला, "पोरा, उद्याच येतो, मला म्हातारपणी कोर्ट नको." ट्रॅक्टरच्या सगळ्या सह्या झाल्या.

नोटीस गेल्यावर डीलरनं ट्रॉलीच्या आरसीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला, त्याच म्हाताऱ्याच्या नावाची. भावानं ट्रॉलीच्या दांड्यावर थिनर ओतून रंग काढला. निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली तांबडा, आणि मग चासी नंबर. कागद ठेवून पेन्सिल घासली, मला फोटो पाठवला. आरसीवरच्या नंबराशी एक आकडा जुळत नाही. म्हाताऱ्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. त्याची ट्रॉली चारचाकी, अजून त्याच्या खळ्यात उभी आहे, त्यानं ती विकलेलीच नाही.

म्हणजे आमच्या दारातली ट्रॉली कुणाची, हे आता पोलिसांत अर्ज देऊन हुडकायचं. वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून चिकोडीतल्या त्यांच्या ज्युनिअरनं तो लिहिलाय, ग्राहक आयोगाचे कागदही तोच करतोय. डीलरचा निरोप आला की आणून सोडा, पैसे बघू. वकीलसाहेब म्हणतात, न्यायची तर त्यानं न्यायची, तीही पोलिसांना कळवून.

तोवर ती गोठ्यामागं विटांवर उभी आहे. भावानं त्यात कडबा भरलाय आणि वरून ताडपत्री घातलीय. मी विचारलं, आणि पाऊस आला तर? म्हणाला, "दादा, आता व्हिडिओ कॉलवर बघू नकोस, मी बघतो."