शब्दचर्चा: ‘एन्टरल’ आणि ‘पॅरेन्टरल न्यूट्रिशन’ला मराठीत काय म्हणावं?

आहारतज्ज्ञ, नागपूर: आयसीयूबाहेर थांबलेल्या नातेवाइकांसाठी माहितीचं पान लिहिते आहे. एन्टरल म्हणजे नळीने पोटात दिलेला आहार, पॅरेन्टरल म्हणजे शिरेतून दिलेलं पोषण; त्यांना ‘आंत्रमार्गी’ आणि ‘आंत्रेतर पोषण’ हे शब्द मिळाले. भंडारा, गोंदिया, छिंदवाड्याहून आलेल्या माणसाला ते कळतील?

परिचारिका: नाही कळणार. ‘आंत्र’ ऐकलं की आतड्याचं ऑपरेशन आहे असं वाटतं. आम्ही ‘नळीतून फीड’ म्हणतो. पण पानावर आधी ‘सलाइन’ या शब्दाचा खुलासा करा, खरा घोळ तिथे आहे. “सलाइन सुरू हाये ना, मंग उपाशी कसा राहीन?” हे रोज ऐकते. साध्या सलाइनमध्ये लिटरमागे 9 ग्रॅम मीठ, बाकी पाणी, कॅलरी शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीतही साधारण 85 कॅलरी, म्हणजे एका पोळीएवढ्या. प्रथिनं अजिबात नाहीत.

आहारतज्ज्ञ: हे नक्की घालते. 60 किलोच्या रुग्णाला, पहिले काही दिवस सरले की, रोज 1500च्या आसपास कॅलरी आणि 75-80 ग्रॅम प्रथिनं लागतात. बाटल्यांवर ते भागत नाही, म्हणून शक्य असेल तर 24 ते 48 तासांत नळीने आहार सुरू करतात.

मराठीचे शिक्षक: ‘आंत्रेतर’ व्युत्पत्तीने चोख आहे, पाठ्यपुस्तकात राहू द्या. पानावर ‘नळीने अन्न’ आणि ‘शिरेतून पोषण’ लिहा. शिरेत ग्लुकोज, अमिनो आम्लं, स्निग्धांश थेट रक्तात जातात; त्याला अन्न म्हटलं तर कोणी डाळीचं पाणी चढवा म्हणेल.

परिचारिका: नुसती ‘नळी’ नको. श्वासाची नळी असते, लघवीची असते. ‘नाकातल्या नळीने पोटात अन्न’ असं पूर्ण लिहा. लांबलं तरी चालेल. आणि तोंडाने चहा-पाणी पाजू नका, हे त्याच ओळीत हवं. गुंगीतल्या रुग्णाचा घोट श्वासनलिकेत जातो.

आहारतज्ज्ञ: पटलं. ‘ट्रॉफिक फीड’ मात्र अडलंय. सुरुवातीला तासाला 10-20 मिलिलिटरच देतो, आणि घरच्यांना वाटतं माणूस उपाशी ठेवलाय. ‘अल्पाहार’ म्हणजे तर पोहे-चहा.

मराठीचे शिक्षक: ‘सुरुवातीचा थोडा आहार’. पुढे कारणही लिहा: आतडं चालू ठेवण्यापुरता, सोसेल तसा वाढवणार.