एमएस्सी केमिस्ट्री: बामू (संभाजीनगरचं विद्यापीठ) का नांदेड विद्यापीठ?

परभणीची_पोर: दोन्हीकडं नंबर लागलाय. मला पुढं पीएचडी करायचीय पण पप्पा म्हणतेत नांदेड जवळंय, रेल्वेनं रोज जाऊन येऊन कर, होस्टेलचा खर्च कशाला. काय करू?

बीडचा_दादा: ताई, नाव नको बघू, लॅब बघ. दोन्ही डिपार्टमेंटला जा अन् सेकंड इयरच्या पोरांना विचार, प्रोजेक्ट स्वतः करता का जुनी फाइल उतरवता. मी नव्हतं विचारलं, आमच्या कॉलेजात दोन वर्षं एका ब्युरेटवर (मापाची काचेची नळी) चौघं होतो.

लातूरकर_मॅडम: नेट-सेटला (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) एमएस्सीत 55 टक्के लागतात, राखीवला 50, ते कुठूनही पडतील. पण रोजचा प्रवास नको गं, प्रॅक्टिकलला संध्याकाळ होती अन् गाडी लेट झाली की अभ्यास बुडाला.

परभणीची_पोर: सोमवारी पप्पांनाच सोबत घेऊन नांदेडची लॅब बघते, मंग संभाजीनगर.